एक सूत

“उलटीकडून घे म्हणतोय ना मी! यादी शेवटाकडून वाच. तुझं काय जातंय, आल्सीड?”

“माझं काही जात नाही, कोच. यादी अक्षरांच्या क्रमानं आहे. तुझा पोरगा झेडवर. येईल तेव्हा येईल.”

“यादी काय देवानं पाठवली? बघ, तिकडे बघ जरा!”

आल्सीड गिलोरीनं बघितलं. कॉलेजच्या व्यायामशाळेच्या कोपऱ्यात, कुस्तीच्या निळ्या गादीवर टी-डेम झेरँग उताणा पडला होता. हात छातीवर, डोळे आढ्याला. कोर्ताब्लो कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातला सगळ्यात चपळ चेंडू झेलणारा, पण काल संध्याकाळपासून त्यानं जमिनीला पाय लावला नव्हता. घरून आला तोही कोच फ्युसिलिएच्या ट्रकच्या मागच्या हौद्यात गादी टाकून, झोपून. दारातून आत आणला तो चार दांडग्या गड्यांनी, गादीसकट. उभं राहिलं की मणके दबतात, रात्रभर आडवं पडलं की सुटतात. सकाळी उठलेला माणूस संध्याकाळच्या माणसापेक्षा उंच असतो, हे लुईझियानात फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

“मढं आणल्यासारखं आणलंयस त्याला,” आल्सीड म्हणाला.

“मढंच होईल त्याचं! सकाळपासून दोनदा लघवीला जाऊ का म्हणून विचारतोय. मी म्हटलं, उठलास की सूतभर गेलं.”

भिंतीला टेकून उभे असलेले पोरं हेरायला आलेले बाकीच्या क्लबांचे पारखी हसले. ग्रेडी होल्कम सगळ्यात मोठ्यानं. ग्रेडी आणि आल्सीड वीसेक वर्षं एकाच भागात हिंडणारे, एकाच धाब्यावर एकमेकांना टाळणारे, तरी एकमेकांच्या मुलांची नावं माहीत असणारे. “घे रे आल्सीड त्याला आधी,” ग्रेडी म्हणाला, “नाहीतर ड्राफ्टच्या आधी मूत्रपिंडाचा डॉक्टर लागायचा.”

टी-डेमनं मान न हलवता फक्त डोळे वळवले. त्या डोळ्यांत इतकी लाचारी होती की आल्सीडच्या तोंडून निघून गेलं, “बरं. झेडपासून.”

गुंत्याची पहिली गाठ तिथं पडली.

हे मोजणं-पळणं दर मार्चमध्ये होतं. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये व्यावसायिक क्लब पोरं निवडतात, त्याआधी त्यांचे पारखी कॉलेजा-कॉलेजांतून फिरतात. भिंतीशी गुण्या धरणारा मात्र एकच असतो. पोराच्या डोक्यावर सुताराचा काटकोन टेकवायचा, भिंतीवरच्या पट्टीशी जुळवायचा आणि फूट, इंच आणि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, असा आकडा मोठ्यानं सांगायचा. तो जे सांगेल ते सगळ्या क्लबांनी लिहून घ्यायचं. कुणी उठून तपासत नाही. तपासायचंच असतं तर एकाला कशाला उभं केलं असतं?

आल्सीड ज्या गावी असेल तिथं गुण्या आल्सीडच्याच हातात जायचा. गुण्याही त्याचा स्वतःचा, सायप्रसच्या लाकडाचा, बापाच्या हातचा. बाप ओपेलूसासकडे चर्चची बाकं बनवायचा. आल्सीडनं आधी शाळेत पोरांना खेळ शिकवला, मग गुडघा गेला आणि एका क्लबानं त्याला पारखी म्हणून गाडी देऊन रस्त्यावर काढला. तेव्हापासून रस्ताच. पेट्रोल पंपावर गरम बुदँ घ्यायचं, गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून त्यातलं भात-मांस दातांनी ओढून खायचं आणि पुढच्या गावाला लागायचं. बायको ओदील चर्चमध्ये बायकांना सांगायची, “माझा नवरा गाडीत राहतो गं. सणावाराला आमच्याकडे पाहुणा येतो.” नोकरी दर मे महिन्यात संपायची आणि मे महिन्यातच पुन्हा लागायची. अजून तरी लागली होती.

टी-डेमला त्यानं तीन हंगाम बघितलं होतं. इतर लोक चेंडूकडे बघतात. चेंडू दुसऱ्याकडे गेला की हा पोरगा काय करतो, ते आल्सीड बघायचा. पोरगा तरीही तितकाच जीव तोडून पळायचा. वळायच्या आधी त्याचा खांदा चुगली करत नसे. समोरचा धिप्पाड रक्षक उजवीकडे झेपावायचा, तोवर हा डावीकडून निघून गेलेला असायचा, जणू कुणी त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. उणंही होतं. सुरुवातीलाच छातीवर दोन हात बसले की अडायचा. दोन सामन्यांत हातात आलेला चेंडू धडकेनं सुटला होता. आल्सीडनं तेही लपवलं नव्हतं.

पण डिसेंबरच्या बैठकीत बर्कहॉल्टरनं, म्हणजे आल्सीडपेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या त्याच्या साहेबानं, एकच विचारलं होतं. “उंची?”

“कॉलेजच्या पुस्तिकेत पाच-नऊ आहे.”

सगळे हसले. कॉलेजच्या पुस्तिकेत सगळेच उंच असतात.

“पाच-आठच्या खालचा झेलणारा मी निवडीच्या फळ्यावर लावत नाही, आल्सीड. लहान माणसं मोडतात. तुझा डोळा काय म्हणतो?”

“पाच-आठ. एक सूत कमी नाही.”

“बघू मार्चमध्ये. भरला नाही तर पोरगा गेला. आणि मग तुझ्या डोळ्याचं काय करायचं, तेही बघू.”

तेव्हापासून तीन महिने आल्सीड मार्चची वाट बघत होता.

आता चार गड्यांनी टी-डेमला गादीवरून अलगद उभा केला, काचेचा पुतळा उभा करावा तसा. पोरानं डोकं गुळगुळीत करून घेतलं होतं. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला. आल्सीडनं गुण्या टेकवला, दाबला आणि पट्टी वाचली.

पाच-आठ.

सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही. आल्सीडला आनंद व्हायला हवा होता. पण तीन महिने जे हवं होतं ते असं समोर आलं, तेव्हा त्याचाच त्याच्यावर विश्वास बसेना. त्यानं गुण्या पुन्हा दाबला. पुन्हा वाचलं. मान खाली घालून टाचा बघितल्या. पुन्हा वर बघितलं.

भिंतीशी थबकायचं नसतं. गुण्या टेकला की आकडा एका दमात बाहेर पडायला हवा, कारण थांबलेला माणूस मोजत नसतो, ठरवत असतो. हे आल्सीडनंच किती नव्या लोकांना शिकवलं होतं.

“पाच-आठ!” तो म्हणाला. आवाज चिरकला.

कुणाचं पेन हललं नाही.

“पुन्हा बघ,” ग्रेडी म्हणाला.

“बघितलं.”

“तीनदा बघितलंस. म्हणून तर म्हणतोय.”

“तूच ये आणि बघ! आत्ता ये!”

ग्रेडी भिंतीपासून सुटेपर्यंत टी-डेम जागेवर नव्हता. मोकळीक मिळाल्याबरोबर तो दोन्ही हातांनी चड्डी सावरत शौचालयाकडे पळाला होता. पोरं खो-खो हसली. पारखी हसले नाहीत.

“राहू दे,” ग्रेडी म्हणाला. “बाकीची पोरं खोळंबलीत. पळणं झालं की मी एकदा मोजतो. तुझी हरकत नाही ना?”

हरकत आहे म्हणावं, तर चोर ठरणार. नाही म्हणावं, तर उड्या मारून, पळून, आपटून दबलेल्या पोराला मोजणार. आल्सीड म्हणाला, “नाही.”

टी-डेम त्या दिवशी पळाला तसा कधी पळाला नव्हता. एक चेंडू त्याच्या पाठीमागे पडत होता. त्यानं अंग पिळवटून तो एका हातानं ओढून घेतला, तेव्हा बाजूच्या क्लबाचा माणूस पुटपुटला, “देवा, हा अजून चार बोटं उंच असता तर!” आल्सीडनं ऐकलं आणि मैदानाकडे पाठ फिरवली.

मग ग्रेडीनं आल्सीडच्याच बापाचा गुण्या घेतला, घामानं निथळणाऱ्या त्या डोक्यावर टेकवला आणि एका दमात म्हणाला, “पाच-सात, सात सूत!”

एक सूत कमी. सगळी पेनं एकदम चालू झाली.

“दबणारच ना तो!” आल्सीड ओरडला. “उड्या मारल्यात त्यानं! उद्या सकाळी मोजू. सगळ्यांसमोर. हवं तर मी हातही लावत नाही.”

“उद्या सकाळी आपण सगळे दुसऱ्या गावी,” ग्रेडी म्हणाला. मग जवळ आला आणि आवाज खाली आणला. “आल्सीड, मी काही बोललो का तुला? प्रत्येकाचं असतं एखादं लाडकं पोर. सोडून दे.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं.

दारात कोच फ्युसिलिएनं त्याला मिठी मारली. चांगली घट्ट, पाठीवर थापा मारत. “विसरणार नाही मी हे, राजा. माझ्या पोरासाठी तू जे केलंस ते.”

“मी काही केलं नाही!”

“बरोबर!” कोचनं डोळा मारला. “तू काही केलं नाहीस. मी काही बघितलं नाही. रविवारी घरी ये, बायको गंबो करतेय.”

दुपारी बर्कहॉल्टरचा फोन आला. बातमी कोर्ताब्लोतून तिथपर्यंत आल्सीडच्या आधीच पोचली होती.

“माझ्याकडे दोन आकडे आलेत, आल्सीड.”

“दोन्ही खरे आहेत, साहेब.”

“पोरगा एक, आकडे दोन, आणि दोन्ही खरे?”

“सकाळी मोजलं तेव्हा—”

“सकाळी यादीही तूच उलटी केलीस म्हणे.”

“अहो, पोराला लघवीला—” आल्सीडनं आपलेच शब्द ऐकले आणि थांबला.

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. म्हणजे तिथं एकटा साहेब नव्हता. “पोरगा फळ्यावरून काढलाय. बाकीचं मे महिन्यात बोलू,” बर्कहॉल्टर म्हणाला आणि फोन बंद झाला.

कपडे बदलायच्या खोलीत टी-डेम एकटाच होता. घोट्यांवरच्या पट्ट्या कापत बसला होता. आल्सीडला बघून उठून उभा राहिला, आणि सवयीनं जरा ताठ झाला.

“मिस्टर आल्सीड, मला तुम्हाला भेटायचंच होतं. थँक यू म्हणायचं होतं.”

“कशाबद्दल?”

“सकाळबद्दल.”

“बस. ऐक माझं. मी खोटं बोललो नाही. तू पाच-आठ होतास. पुरा.”

पोरगा हसला. समजूतदार, कसलीही तक्रार नसलेलं हसू. “हो. मी कुणाला सांगणार नाही.”

“सांगणार नाही काय! सांग! सगळ्यांना सांग! होतास तू, बाबा. ह्या हातांनी दाबून बघितलं मी.”

टी-डेमनं पट्ट्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकला. “आई दाराच्या चौकटीवर खूण करायची माझी. पेन्सिल जरा वर धरायची. शाळेच्या कोचनं अर्धा इंच वाढवला, कॉलेजनं त्यावर आणखी थोडा. मला जास्त सांगणारी सगळी माझ्या मायेचीच माणसं होती, मिस्टर आल्सीड. कमी सांगणारे परके. आणि दर वेळी परकेच खरे निघाले.”

“मी तुझ्या मायेचा नाही! मी पारखी आहे! तुझ्या हातातून चेंडू सुटला तेव्हा मी सुटला म्हणून लिहिलंय. छातीवर हात बसले की अडतोस, तेही लिहिलंय. मग उंचीचंच खोटं का सांगेन?”

पोरानं मान खाली घातली. बूट पिशवीत भरले, नाड्या आत कोंबल्या.

आल्सीडच्या हातात गुण्या तसाच होता. त्यानं तो बाकावर ठेवला, पुन्हा उचलला. “त्यांचं जाऊ दे. ग्रेडीचं जाऊ दे, साहेबाचं जाऊ दे. त्या भिंतीशी दोघंच होतो, तू आणि मी. तुझा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?”

टी-डेमनं पिशवीची चेन ओढली. आल्सीडच्या दंडाला हलकेच हात लावला, आजारी माणसाला लावतात तसा. मग पिशवी खांद्यावर टाकली आणि दार ढकलून बाहेर निघून गेला.