टॉवेलाची परतफेड

तोकुजी उत्सुमी दारात असे वाकायचे की घरमालकालाच ओशाळल्यासारखं व्हावं. जपानमधल्या कोफू शहरात मोठी इमारत उठायची असली की परवानगीचा अर्ज जाण्याआधी शेजाऱ्यांना कल्पना द्यावी लागते, त्यांची सभा घ्यावी लागते. बांधकाम कंपनीतर्फे ते काम तोकुजींनी उभी हयात केलं. हातात कागदात गुंडाळलेला पांढरा टॉवेल, तोंडी एकच वाक्य: "आमच्यामुळे तुम्हाला त्रास होणार, माफ करा." कसलेल्या नटाने विंगेतून यावं तशी एंट्री! टाळ्या तेवढ्या पडत नसत.

हाताखालच्या निराझावाला त्यांनीच घडवलं. "शिव्या देणाऱ्याला घाबरू नकोस रे," ते सांगत. "टॉवेल घेतोय का, तेवढं बघ. आणि त्या घरातून उलट भेट आली, मग दोन संत्री का असेनात, तर निर्धास्त झोप. परतफेड करणारं घर सभेत तोंड उघडत नाही. लाजतं."

पुढे ते निवृत्त झाले. बायको कानेयोचे गुडघे गेले होते. तिचं जग दक्षिणेकडच्या ओसरीएवढं उरलं होतं. हिवाळ्यात तिथे दिवसभर ऊन असे. सोललेले पर्सिमन, ती केशरी गोड फळं, दोरीला बांधून ती वाळत टांगायची आणि त्यांच्याखाली बसून राहायची.

अशात शेजारच्या मोकळ्या जागेवर त्यांच्याच जुन्या कंपनीचा फलक लागला. सात मजले.

"सात!" तोकुजी कडाडले. "पाचाच्या वर गेले की तुझ्या ओसरीवर उन्हाची तिरीपसुद्धा येणार नाही. भर सभेत कुणी हरकत घेतली तर कंपनी दोन मजले सोडते, मला ठाऊक आहे. मी उभा राहतो. बघतोच!"

आळीच्या सभागृहात ते उभे राहिले. आवाज खणखणीत लागला. "सात मजले आम्हाला मान्य नाहीत!"

कंपनीतर्फे निराझावा उठला आणि वाकला. तोकुजींचंच वाकणं, कंबरेतून, नजर जमिनीला.

"उत्सुमी-सान, आधी आभार मानू द्या. परवा टॉवेल घेऊन आलो, तेव्हा तुम्ही घरी नव्हता. बाईसाहेबांनी दिलेले सुके पर्सिमन आमच्या अख्ख्या ऑफिसने खाल्ले. काय गोड होते हो!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तांदूळवाला नोगावा म्हणाला, "वा! आधी खाऊ घालायचं आणि मग भांडायचं होय?"

तोकुजींचं तोंड उघडंच राहिलं. पुढचं सगळं भाषण पाठ होतं, पण जीभ उचलेना. "घरचेच आहेत... घरचेच," एवढं पुटपुटून ते खाली बसले. मग दुसरंही कुणी उठलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "टॉवेल घेतलास, बोलली नाहीस?"

"अहो, त्यात काय सांगायचं? पोरगं दारात इतकं छान वाकलं, अगदी तुमच्यासारखं. त्याला रिकाम्या हाताने पाठवू?"



पुढच्या हिवाळ्यात सात मजल्यांची सावली सकाळपासूनच ओसरीवर येऊन बसू लागली. कानेयोने तरीही दोरी बांधली, पर्सिमन टांगले. ते वाळलेच नाहीत. हिरवी बुरशी धरली. कोट घालून ती एकेक फळ त्याच पांढऱ्या टॉवेलने पुसत बसली.

"अहो," ती म्हणाली, "यंदाही त्या मुलाला थोडे पाठवायचं मनात होतं. त्याला आवडले होते ना?"