पुतणीच्या रंगाचा तक्ता

गोरेपणाचा मला वीट आलाय. बिट्टन मार्केटजवळ माझं फोटो छापायचं दुकान आहे आणि येणारा प्रत्येक जण आधी म्हणतो, "चेहरा जरा साफ करून द्या." जसं काही चेहऱ्याला शेण लागलंय! शी! मी ऐकून घेते, कारण पोट त्याच्यावर आहे. पण पुतणीच्या लग्नात जे झालं ते आठवलं की अजून घास तोंडात फिरतो.

माझ्या मोठ्या भावाची ती एकुलती एक. सावळी, तजेलदार, हसली की बघत राहावं अशी. लग्न ठरलं अवधपुरीतल्या, मूळच्या नागपूरकडच्या घरात. हॉलच्या दारात नवरा-नवरीचा मोठा फोटो उभा करायचा होता, आणि तो आत्यानं छापायचा हे ओघानंच आलं.

पहिला नमुना काढला तर पोरगी पार विटकरी दिसायला लागली. स्क्रीनवर एक दिसतं नि कागदावर दुसरंच उतरतं, हे आमच्या धंद्याचं जुनं दुखणं. त्यावर आम्ही तक्ता काढतो. एकाच कागदावर तोच चेहरा छोट्या छोट्या चौकोनांत छापायचा. डावीकडून उजवीकडे लाल थोडा थोडा कमी करत, खालून वर उजळ करत. मग तो कागद उन्हात नेऊन खऱ्या रंगाशेजारी धरायचा, आणि जो चौकोन जुळेल त्याप्रमाणे मोठा फोटो काढायचा. यात आवडनिवड नाही. जुळला तो बरोबर, बाकी सगळे चूक.

पुतणीला बोलावलं. दुकानाच्या पायरीवर उन्हात बसून तिनं मनगट कागदावर टेकवलं, सरकवत सरकवत नेलं आणि मधल्या एका चौकोनापाशी थांबली. "आत्या, ही मीच गं!" म्हणाली. इतकी खूश झाली की मलाच भरून आलं. त्या चौकोनावर मी पेनानं खूण केली.

दुसऱ्या दिवशी भाऊ विहीणबाईंना दुकानात घेऊन आला. साडीच्या दुकानात शेड बघावी तसा त्यांनी तक्ता बघितला आणि सगळ्यात वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं पोरगी पार पांढरीफटक होती.

"ही काढा."

"अहो ताई, हे निवडायला नाहीये. जुळवून झालंय. खूण केलीय बघा."

"बाप्पा! चांगलं निघत असताना काळं काहून काढायचं? मशीन तर घरचीच आहे ना?"

मी भावाकडे बघितलं. म्हटलं, बाप आहे, आता तरी बोलेल. तर तो म्हणतो कसा, "कर गं त्या म्हणतात तसं. तुझं काय जातंय?" बाप म्हणे! विहीणबाईंपेक्षा मला त्याचीच जास्त किळस आली.

निघताना बाईंनी तक्त्याची घडी करून पर्समध्ये टाकली. "पार्लरवालीला दाखवते. म्हणजे त्या दिवशी बरोबर असाच चेहरा करेल."

फोटो माणसासारखा काढायचा की माणूस फोटोसारखा? माझं डोकंच सटकलं. मी फोटो काढला तो पुतणीनं दाखवलेल्या चौकोनाप्रमाणेच. एकदा दारात उभा राहिला की कोण काय करणार आहे, असं म्हटलं.

लग्नाच्या सकाळी तो दारात लागला आणि माझी छाती फुगली. मग नवरीच्या खोलीत गेले. पार्लरवालीनं माझाच तक्ता पोरीच्या गालाला लावला होता. "दीदी, बस दो शेड और, फिर एकदम मैच हो जाएगा." गळ्यापर्यंत सगळं चुन्यासारखं पांढरं, मेंदीचे हात तेवढे तिचे राहिले होते. तिथून मी तडक बाहेर आले.

पाहुणे जमले. आधी फोटो बघायचे, आत जाऊन नवरीला बघून यायचे, नि पुन्हा फोटोसमोर उभे राहायचे.

"छापताना काळवंडला वाटतं," मुलाकडच्या एक मावशी म्हणाल्या.

"घरचं काम आहे, बोलायचं कोणाला?" विहीणबाईंनी माझ्याकडे बघत सांगितलं. भाऊ शेजारीच उभा होता. तो हसला, लाज नाही मेल्याला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पुतणीचा निरोप आला. आत गेले. मेकअपला तडा जाईल म्हणून ती ओठ जेमतेम हलवत बोलली.

"आत्या, दारातला तो फोटो काढून टाकायला सांग ना गं. ती मी वाटत नाहीये."

मी कोणाला सांगितलं नाही. स्वतःच गेले आणि फोटो उतरवला. आज तो कोलार रोडच्या माझ्या घरी कपाटामागे आहे. त्याचा रंग बरोबर होता, मेल्यांनो. अगदी बरोबर होता.