कडू लागलेला पाला

शेजारीण गव्हात घालायला कडुलिंबाचा पाला सुकवत होती. त्या वासानं मला नांदूरघाटजवळचं एक शिवार आठवलं.

प्रथमोपचार पथकात येऊन मला महिनाच झाला होता. शेळ्या राखणाऱ्या सोजरच्या पायाला साप चावला म्हणून निरोप आला. मी पोचले तेव्हा सासू तिला कडुलिंबाचा पाला चारत होती. पाला कडू लागला तर विष चढलेलं नाही, असा सगळ्यांचा समज.

"कडू लागायलंय का गं?"

"लई कडू हाय."

"मग कावून रडायलीस? ऊठ, शेळ्या पांगल्या."

सगळे हसले. मीही हसले. ताबडतोब दवाखान्यात न्यायचं, असं शिकवलेलं असूनही मी गप्प बसले, कारण ते खरं ठरावं असं मलाही वाटत होतं. दहा मिनिटांनी सोजरच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या, तेव्हा मी जीप बोलावली.

केजच्या दवाखान्याच्या वाटेवर तिचा पाय हलू नये म्हणून मी तो धरून बसले होते. "भिऊ नको," मी सारखी म्हणत होते.

"ताई, तुमचाच हात कापायलाय," ती जड जिभेनं म्हणाली.

सोजर वाचली. मी तिला वाचवलं, असं ती आजही सांगते. पण मी आणखी थोडा वेळ हसत राहिले असते तर काय झालं असतं, हा विचार मला अजून पुरता करवत नाही.