दाराच्या काचेमागे

हातोरी किनुए जपानमधल्या एका प्रयोगशाळेतल्या माकडांना जेवू घालायची. माकडं खारीएवढी, कानांवर पांढरे झुबके असलेली. घरी नवऱ्याला सर्दी झाली तर बाई औषधाच्या कपाटाकडे नुसतं बोट दाखवणार; माकड शिंकलं की मात्र हिचा जीव टांगणीला.

त्या आठवड्यात तो मामे नावाच्या माकडिणीपायी टांगला होता. इसोगाई नावाचा तरुण संशोधक सहा माकडांच्या नजरा ताडून पाहत होता: पडद्यावरचा ठिपका हलला की कुणाचे डोळे किती झटकन सरकतात. पाचजणांचं जुळत होतं. मामेची नजर मधेच डावीकडे पळायची.

"डोळ्यातच दोष असणार," इसोगाई म्हणाला. "सोमवारीही असंच झालं तर यादीतून काढावं लागेल."

यादीतून काढलेलं माकड कुठे जातं, हे किनुएला सांगायला नको होतं. अंगणात प्रयोगांत मेलेल्या प्राण्यांची स्मृतिशिला होती; दर शरदात तिच्यापुढे फुलं तीच ठेवायची.

"डावीकडे काय आहे हो?" तिने विचारलं.

"काही नाही. दार आहे."

दाराला तळहाताएवढी काच होती. काचेमागे रोज साडेनऊला कोण उभं असतं, ते एकट्या किनुएला ठाऊक होतं. प्रयोग चालू असताना तिथे थांबायची बंदी होती. पण मामेला आईने टाकलेलं, हिनेच थेंबथेंब दूध पाजून वाढवलेलं. तिला एकटं वाटू नये म्हणून बाई प्रयोगानंतर तिला द्यायचा केकचा तुकडा खिशात घेऊन उभी राहायची.

दोन दिवस ती गप्प राहिली. मार्चमध्ये निवृत्ती होती. बावीस वर्षांच्या नोकरीला शेवटी डाग लागेल याची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज. शुक्रवारी ती इसोगाईच्या टेबलापाशी गेली.

"दोष मामेत नाही. काचेमागे मी असते."

"रोज?"

"रोज."

"हातोरी-सान, मी तीन आठवडे तिचे डोळे तपासतोय," तो म्हणाला. "तुम्हाला तपासायला हवं होतं."

माफी मागत ती कमरेतून वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

सोमवारी काचेवर काळा कागद लागला. किनुए खाली भांडी धुवायच्या खोलीत बसली. घड्याळ पुढे सरकेना. अकराला इसोगाई आला.

"जुळलं. मामे राहतेय."

"आणि डावीकडे?"

"पाचेक मिनिटं बघत होती. मग नाही बघितलं."

"बरं झालं," किनुए म्हणाली. खिशातला केकचा तुकडा काढून तिने त्याच्या हातावर ठेवला. "आता तुम्हीच तिला देत जा."