शाकाहारी माणसाचा ट्राउट

माझ्या नवऱ्याने जन्मात कधी मासा खाल्ला नाही. तरीही एका वर्षी त्याला ट्राउट पकडायचं वेड लागलं. वेड हा शब्द मी कौतुकाने वापरत नाहीये.

तो पुण्याच्या पेठेतला, कांद्यालासुद्धा चातुर्मासात रजा देणाऱ्या घरातला. मी वेंगुर्ल्याची. लग्न ठरताना त्याच्या आईने एकच अट घातली, घरात मासे शिजणार नाहीत. मी हो म्हटलं. तेव्हा तो मला देखणा वाटायचा. पुढे त्याला लंडनजवळच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली, आम्ही पिनरला घर घेतलं आणि ती अट प्रेशर कुकरबरोबर सामानातून इथेही आली. मग मी मासे गाडीत खायला लागले. कामावरून परतताना सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गाडी लावायची, तळलेला मासा मांडीवर घ्यायचा, जानेवारीतही काचा खाली ठेवायच्या आणि वर बडीशेप चघळत घरी यायचं. आपल्या देशात बायका चोरून काय काय करतात. मी परदेशात येऊन चोरून कॉड खात होते.

एका उन्हाळ्यात माझे वडील आमच्याकडे आले. पानात मासा नसेल तर जेवण झालं असं न मानणारा माणूस. काही दिवस त्यांनी मुकाट्याने मुगाचं वरण गिळलं, मग त्यांची भूकच गेली. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, एकदाच करते. अण्णांसाठी." तो पेशंटला सुई टोचताना काढतो तसा गोड आवाज काढून म्हणाला, "अगं, त्यांच्यासाठी मला काही नाही. पण प्रश्न तत्त्वाचा आहे." शेवटी मी वडिलांना घेऊन त्याच कार पार्कमध्ये गेले. मांडीवर टिश्यू पसरून ते पिठात बुडवून तळलेल्या त्या माशात काटे शोधत बसले. काटे नव्हतेच. "बरां आसा," असं म्हणाले आणि काचेबाहेर ट्रॉल्यांकडे बघत राहिले. नंतर ते परत आले नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी गेलेच.

तर, ट्राउट. नवऱ्याच्या हॉस्पिटलात एक मोठे सर्जन होते. त्यांचं वेल्सच्या डोंगरात नदीकाठी कॉटेज होतं आणि बोलायला एकच विषय होता, फ्लाय फिशिंग. म्हणजे पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी बनवायची, ती लांब काठीने पाण्यावर अलगद उतरवायची आणि ट्राउटला फसवायचं. सर्जनच्या मर्जीत असलेल्यांची कॉटेजवर वर्णी लागते हे नवऱ्याच्या ध्यानात आलं, आणि भोपळ्याची भाजी तेल सुटेपर्यंत शिजली की नाही यापलीकडे ज्याने कधी सृष्टीचा विचार केला नव्हता, तो रात्रंदिवस माश्यांच्या गोष्टी करू लागला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. याने तर बाशिंग छातीपर्यंत बांधलं. रबरी विजार आली, अठरापगड खिशांचं जाकीट आलं, टोपी आली, टोपीला टोचायला माश्या आल्या. संध्याकाळी तो बागेत लॉनवर उभा राहून काठी फिरवायचा. एकदा गळ तुळशीत अडकला आणि एकदा शेजारीणबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. दोन्ही वेळा तो म्हणाला की वारा फार होता. नाचता येईना अंगण वाकडं.

सासूबाई त्या वर्षी आमच्याकडे होत्या. मला वाटलं, आता मुलगा मासे मारायला निघाला म्हटल्यावर तरी त्या काही बोलतील. नवऱ्याने त्यांना समजावलं. "आई, आपण मारत नाही. पकडतो, बघतो आणि परत सोडतो."

"खात नाही ना?" सासूबाईंनी विचारलं.

"छे छे! खातंय कोण?"

"मग असू दे बाई."

म्हणजे भुकेपोटी खाल्ला तर पाप, आणि करमत नाही म्हणून ओठात आकडा घालून पाण्याबाहेर ओढला तर असू दे. मी त्या वेळी कणीक मळत होते, ती जरा जास्त मळली गेली.

मे महिन्यात शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीसाठी आमंत्रण आलं. नवरा, सासूबाई, आमची तेरा वर्षांची लेक आणि मी असे चौघे निघालो. डिकीत अर्धी जागा काठ्यांची होती, अर्धी आमच्या पिशव्यांची. मराठी माणूस वेल्सला गेला म्हणून रवा, तिखट आणि चिवडा घरी ठेवून जात नाही. कॉटेज दगडी होतं, मागे डोंगर, पुढे नदी, आणि मध्ये सगळीकडे मेंढ्या. सर्जन एकटेच होते. त्यांची बायको म्हणे नदीवर कधीच येत नाही. न भेटताच मला ती बाई आवडली.

सकाळी भुरभुर पावसात दोघं डॉक्टर पाण्यात उतरले. सर्जन काठी हलवायचे तर दोरी हवेत उलगडून माशी पाण्यावर जाऊन बसायची. नवरा हलवायचा तर तिची त्यालाच मिठी बसायची. प्रत्येक फजितीनंतर तो मोठ्याने, खास हॉस्पिटलमधल्या इंग्रजीत हसायचा. ते हसू त्याला घरी येत नाही.

इकडे सासूबाईंनी माझा हात धरला. "अगं, नवी नदी ओलांडून आलो आपण. ओटी भरायला हवी." त्यांनी तयारी पिनरहूनच केली होती. हॅरोच्या दुकानातला नारळ, पुण्याहून आणलेला हिरवा खण, तांदूळ, हळदीकुंकवाचा करंडा. नदीवर वरच्या अंगाला एक लाकडी पूल होता. तिथे जाऊन त्यांनी हळदकुंकू वाहिलं, खणनारळ सोडला आणि डोळे मिटून हात जोडले. माझे डोळे उघडे होते. पाणी कुठल्या दिशेला वाहतंय आणि खाली कोण उभं आहे हे मला दिसत होतं. मीही हात जोडले.

नारळ पुढे गेला. वळणावर शेंडीवाला तपकिरी गोळा वरखाली होताना बघून सर्जन एकदम थबकले, ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "ऑटर!" माझा नवरा श्वास रोखून उभा राहिला. पाणमांजराला मान देत दोघं प्रौढ पुरुष कमरेइतक्या गार पाण्यात निश्चल उभे, आणि नारळ त्यांच्या मधून शांतपणे निघून गेला. माझ्या नवऱ्याला तो नारळ आहे हे कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं. तरी तो म्हणाला, "मॅग्निफिसेंट."

मग दोरी ताणली गेली. "फिश ऑन!" नवरा ओरडला. काठी वाकली, सर्जन जाळी घेऊन धावले, "आस्ते, आस्ते, खेळव त्याला," असं त्यांच्या भाषेत सांगू लागले. नवऱ्याने खेळवलं. शेवटी जाळीत आला तो जरीकाठी हिरवा खण.

"इंटरेस्टिंग स्पीशीज," सर्जन म्हणाले.

सासूबाई पुलावरून ओरडल्या, "अरे मेल्या, नदीची ओटी कसली काढून घेतोस! सोड ती आधी!"

पकडून परत सोडायच्या त्याच्या तत्त्वाचा एवढा चोख वापर मी आधी पाहिला नव्हता. लेक काठावर बसून पोट धरून हसत होती. "आजी, तू रिव्हरला ब्लाउज का दिली?" असं विचारत होती. मीही हसले, आणि ते हसू चांगलं नव्हतं हे मला माहीत होतं.

दुपारनंतर मात्र खरंच एक ट्राउट लागला. वीतभर असेल, अंगावर लाल ठिपके, पोट लोण्यासारखं पिवळं. फोटो काढायचा म्हणून नवऱ्याने त्याला दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या बोटांवरून रक्त ओघळलं. गळ आत, कल्ल्यांपर्यंत गेला होता.

"बाबा, तो ब्लीड होतंय! डू समथिंग!" लेक किंचाळली.

सर्जननी वाकून बघितलं. हा सोडला तरी जगणार नाही, म्हणाले, मारून टाक आणि रात्री खा, नाहीतर फुकट जाईल. त्यांनी खिशातली छोटी काठी पुढे केली. माशाच्या डोक्यात घालायला ती खास बनवतात. नवऱ्याने ती घेतली नाही. रोज माणसांना बेशुद्ध करणारा हा गृहस्थ वीतभर मासा हातात धरून पांढराफटक उभा होता. सोडवेना, मारवेना, आणि साहेब बघतायत. त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माशाच्या बाबतीत त्याने माझ्याकडे पाहिल्याची ती पहिली वेळ.

मी बूट न काढताच पाण्यात गेले. मासा घेतला, डोकं दगडावर ठेवलं आणि त्या छोट्या काठीने एक टोला दिला. सर्जनकडून चाकू मागून घेतला, पोट उघडलं, आतलं सगळं अंगठ्याने काढलं, कल्ले खेचले आणि वाहत्या पाण्यात धुतला. हाताला सगळं आठवत होतं. आई ओट्यावर बांगडे साफ करायची तेव्हा मी तिच्या शेजारी बसायचे. काम संपल्यावर बोटं हुंगली, आणि किती वर्षांनी तरी मला कुणाचीही लाज वाटली नाही.

कॉटेजच्या किचनमध्ये मीठ आणि लिंबू होतं. तिखट आणि रवा आमच्या पिशवीत होता. हळद नव्हती.

"आई, करंडा द्या," मी म्हटलं.

सासूबाईंनी तोंड फिरवून करंडा पुढे केला आणि बाहेर गाडीत जाऊन काचा वर करून बसल्या. मला ते बघून बरं वाटलं. गाडीत बसायला कसं वाटतं ते घरातल्या आणखी एकाला कळलं. रवा लावून मासा लोण्यात खरपूस तळला. सर्जन, लेक आणि मी, तिघांत मिळून तो खाल्ला. काटे होते. लेकीला काटा कसा काढायचा ते मी बोटाने दाखवलं. नवरा चीज सँडविच खात म्हणाला, "आय ॲम मोअर इन्टू द स्पोर्ट, रिअली."

परतीच्या वाटेवर त्याने मला बजावलं, "तिथे झालं ते झालं. आता घरी हा विषय नको."

विषय त्यानेच काढला. हॉस्पिटलात त्याने काय काय सांगितलं कोण जाणे. आपण ट्राउट पकडला, हळद लावून तळला आणि ताव मारला, असलंच काहीतरी. पंधरवड्याने तो किचनच्या दारात येऊन उभा राहिला. सर्जन आणि त्यांची बायको शनिवारी जेवायला येणार होते.

"ते त्या दिवशीसारखे मासे करशील ना?"

मी गॅस बंद केला. "कुठे? या घरात?"

"अगं, पाहुण्यांसाठी करायला काय हरकत आहे? आईशी बोललोय मी. नवीन पॅन आणू. नंतर टाकून देऊ."

तत्त्व कुठे गेलं हे मी विचारलं नाही. ते कधी नव्हतंच. माझ्या वडिलांसाठी ते लोखंडाचं होतं, साहेबांसाठी मेणाचं झालं. इतकी वर्षं मी ज्याला सोवळं समजून मान देत आले, ती नुसती वरच्याला नमस्कार आणि खालच्याला नियम अशी वाटणी होती. मला रागसुद्धा आला नाही. किळस आली. त्याला म्हटलं, "आणा पॅन."

शनिवारी पाहुणे आले. मी टेबलावर वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि पापड मांडले. सर्जननी भांड्यांमधून नजर फिरवली आणि हसून विचारलं की तो सुप्रसिद्ध ट्राउट कुठे आहे.

"आमच्या घरात मासे शिजत नाहीत," मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. "माझे मिस्टर या बाबतीत फार कडक आहेत. ते स्वतः मासे खात नाहीत. तुम्हाला बोलले नाहीत का?"

सर्जनची बायको आपल्या नवऱ्याकडे बघून मनापासून हसली. तिने वरण दोनदा मागून घेतलं. माझा नवरा कोशिंबीर वाढत राहिला, कोणी मागितली नव्हती तरी.

रविवारी सकाळी मी बांगडे आणले. नवा पॅन वापरला. खिडक्या सगळ्या बंद ठेवल्या. सासूबाई देवघरात जाऊन बसल्या आणि जोरजोरात स्तोत्र म्हणू लागल्या. टेबलावर पहिलं पान मांडलं ते भिंतीकडच्या खुर्चीसमोर, जिथे वडील मुगाचं वरण पुढ्यात घेऊन बसायचे. भात, आमटी आणि रवा लावलेला अख्खा बांगडा. नवरा वास घेत खाली आला.

"हे कोणाचं पान?" त्याने विचारलं.

"पाहुण्यांचं," मी म्हटलं.