बोकडाचं तोंड दिसेना

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मॉनिटरच्या अंगात आलं. क्षणभर चित्र, क्षणभर काळोख, मध्येच हिरवे पट्टे. आणि नेमकं त्याच दिवशी चार वाजेपर्यंत मला एका कार्टूनमधल्या बोकडाचा आवाज रेकॉर्ड करून गोरेगावच्या स्टुडिओला पाठवायचा होता. आवडला तर अख्खी सिरीज माझी. गावच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून छड्या खाल्ल्या होत्या. नकलेसाठी कुणी स्वतःहून बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

डबिंगमध्ये बोकडाचं तोंड उघडलं की माझं उघडलं पाहिजे. इथे बोकडच दिसेना! मी "अरे मूर्खा" म्हणायला जावं तर स्क्रीन काळी. परत येते तर हा गप्प बसून गवत खातोय.

मी मुलुंडला एका मालवणी काका-काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहतो. माझी आरडाओरड ऐकून काका आले आणि त्यांनी मॉनिटरच्या टाळक्यात एक चापट हाणली.

"आमचो जुनो टीव्ही असोच सुधारायचो."

"काका, हात लावू नका ना यार!"

रिपेअरवाल्याला फोन लावला. "पॅनल गेलं भाई. नवीन घेऊन टाक."

"न बघताच?"

"लुकलुकतोय ना? मग पॅनलच."

हा माणूस डॉक्टर असता तर सर्दीच्या पेशंटची किडनी काढून मोकळा झाला असता.

मग मीच बसलो. रिफ्रेश रेट बदलला, ड्रायव्हर काढून परत टाकला, प्लग दुसऱ्या बोर्डात लावला. ढिम्म फरक नाही. शेवटी वैतागून मॉनिटरची केबल कॉम्प्युटरमधून उपटली. पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली आणि ती मात्र एकदम स्थिर. जरासुद्धा हलेना. म्हणजे मॉनिटर ठणठणीत होता. घोळ केबलमध्ये, नाहीतर ती जिथे खुपसतात तिथे.

केबलचं टोक उजेडात धरलं. आत लालभडक. वाळलेलं कुंकू, त्याखाली हळद, आणि पिनांच्या मधोमध अडकलेली एक अक्षता.

"काकू!"

काकू पदराला हात पुसत आल्या. "काय रे?"

"ह्याच्यात कुंकू कुणी घातलं?"

"मी. काल तू बाहेर गेल्लंस तेव्हा सगळ्यांची पूजा केलंय. काकांच्या पाना-पकडीची, माझ्या मिक्सरची, तुझ्या ह्याची."

"मग वर लावायचं ना! आत कशाला?"

"असा कसा? कोयत्याच्या धारेक लावतंव, पकडीच्या तोंडाक लावतंव. ह्या वायरीचा तोंड खंयचा? ह्याच ना? पुसून, भिजवून नीट लावलंय. तुझ्या कामाक यश येवंदे म्हणान."

मी बोललो. बरंच बोललो. काकूंचा चेहरा उतरला, पण माझं तोंड काही थांबेना.

काकांनी त्यांची जुनी केबल आणून दिली. लावली, तरी लुकलुक चालूच. काकूंनी दुसऱ्या बाजूवरही अन्याय केला नव्हता. कॉम्प्युटरच्या खाचेतही लेप होताच. सगळं बंद करून, कोरडा टूथब्रश घेऊन, फुंकर मारत, शिव्या घालत ते लाल पीठ मी खरवडत बसलो. स्क्रीन एकदाची शांत झाली तेव्हा चार कधीच वाजून गेले होते. स्टुडिओतल्या मुलीला फोन केला.

"सॉरी यार, क्लोज केलं. दुसऱ्याचा आवाज लॉक झाला."

"दहा मिनिटं दे ना!"

"आता नाही होणार रे."

फोन गादीवर आपटला. दारात काका-काकू उभे होते. काकूंनी हळूच विचारलं, "तो बोकड बोलणार काय होतो?"

मला चेव चढला. बोकड गवळ्यावर भडकतो तो अख्खा सीन मी तिथल्या तिथे उभ्याने करून दाखवला. नाक फेंदारून, मान हलवून, शेवटचं बेंबें थेट काकूंच्या तोंडावर. काका हसून हसून भिंतीला टेकले. काकू डोळे मोठे करून म्हणाल्या, "अरे, खरोच बोकड रे!"

खरंच झकास झाला होता. अख्ख्या आठवड्याच्या रिहर्सलमध्ये एकदाही इतका जमला नव्हता. माईक बंद, काम दुसऱ्याच्या खिशात, आणि ऐकणारी माणसं दोनच, तीही वाट लावणारी. "जेवक ये," म्हणून काकूंनी दोनदा हाक मारली. मी दार लावून घेतलं.