ओळखीचा हात

जेवायला वाढताना लेकीच्या मनगटावरची निळी खूण दिसली.

"कुठे लागलं?"

"स्वसंरक्षणाच्या क्लासला. पण तिथलं घरी सांगायचं नाही, असं सरांनी बजावलंय."



सर म्हणजे तिच्या कॉलेजचे शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक. एकतीस वर्षांची नोकरी, पांढरे केस, गळ्यात शिट्टी. आयुष्यभर व्हॉलीबॉलचे संघ घडवले. गेली बारा वर्षं मुलींना स्वसंरक्षणही शिकवतात, तेही फुकट. फुकट का, हे मला पटेना. कॉलेजच्या कारकुनाला विचारलं. "बाई, माणूस सरळ आहे," तो म्हणाला. सरळ माणसाबद्दल असं कुणी इतक्या घाईने सांगतं का?

शनिवारी मी क्लासमधून तिचं नाव काढून घ्यायलाच गेले. हॉलची दारं सताड उघडी होती. मुलीच एकमेकींची मनगटं धरत होत्या. सर चटईच्या बाहेर उभे.

"खूण माझी आहे, काकू," एक दांडगी मुलगी पुढे आली. "हिनं माझा दात हलवला, ते नाही वाटतं सांगितलं?"

मी हसले नाही. "घरी सांगू नका, असं का म्हणता?" सरांना विचारलं.

"शेवटच्या धड्याला घरचं माणूस बोलावतो, ताई. आधी कळलं तर ते मुलीचा हात सैल धरतं. आल्याच आहात, तर आजच हिचं मनगट धरा."

मी घट्ट धरलं. माझी लेक नुसती उभी. "आईला कसं ढकलू?"

सरांचा आवाज खाली आला. "माझ्या संघातली एक मुलगी सरावाला येईना. कामचुकार म्हणून मी तिला काढून टाकलं. तिला सरावाला सोडायला येणारा नातेवाईकच तिला त्रास देत होता, हे फार उशिरा कळलं. ओळखीच्या माणसाला कसं ढकलू, असंच तिलाही वाटलं होतं. तेव्हापासून हा क्लास."

लेकीनं मनगट फिरवून जोरात हिसडा दिला. ती सुटली, माझा अंगठा मुरगळला.

"काकू आउट!" मुली खिदळल्या.

"नाव राहू दे," मी सरांना म्हटलं. "पण माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास नाही. दर शनिवारी इथे येऊन बसणार."

"बसा की. नजर माझ्यावरही ठेवा."

आता शनिवारी सकाळी सातला मी हॉलमधल्या बाकावर असते. लेकीकडे कमी बघते, सरांच्या हातांकडे जास्त.